सोशिकतेची खतावणी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी 'स्त्रीजीवनातील कष्ट आणि तिची जिद्द' हा विषय काहींना अवेळी वाटण्याचा संभव आहे. उत्सवात गौरव व्हावा, दुःखाची उजळणी कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु पन्नास वर्षे पूर्ण झाली की कोणतीही जुनी पेढी आपला ताळेबंद नव्याने तपासून पाहते. त्यात मालमत्ता जितकी महत्त्वाची, तितकेच देणेही महत्त्वाचे असते. देणे लपवून मांडलेला ताळेबंद दिसायला कितीही देखणा असला, तरी तो खरा नसतो. समाजाच्या ताळेबंदात असे एक जुने देणे पिढ्यानपिढ्या नोंदीवाचून राहिले आहे. ते आहे घराघरांतील स्त्रीने उपसलेल्या कष्टांचे.

आपल्या भाषेत 'सोशिक' हा शब्द स्तुतीचा मानला जातो. सून सोशिक आहे म्हटले की सासर धन्य होते. 'पदरी पडले अन् पवित्र झाले' ही म्हणही आपण सहज वापरतो. परंतु ती बहुधा ज्याच्या पदरी काही पडलेले नसते, तोच उच्चारतो. सोसण्याचे कौतुक करणे सोपे असते, कारण कौतुकाला एक पैसाही खर्च येत नाही. प्रश्न असा, की कौतुक केले म्हणजे देणे फिटले काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. ज्या भूमीवर आपण बसलो आहोत, त्या उल्हासनगरचाच इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल यांचे दोन भाग झाले. सिंध मात्र अखंडपणे पाकिस्तानात गेला. पंजाबी वा बंगाली निर्वासिताला आपल्या भाषेच्या प्रदेशाचा एक तुकडा तरी भारतात मिळाला. सिंधी माणसाच्या वाट्याला तेवढेही आले नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि त्यानंतर निघणाऱ्यांचा ओघ प्रचंड वाढला. कराचीहून आगबोटींनी मुंबईच्या बंदरात उतरलेल्या हजारो कुटुंबांना कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करासाठी उभारलेल्या आणि युद्धानंतर ओस पडलेल्या छावण्यांत आणण्यात आले. सुमारे एक लाख माणसे येथे वसली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे कोनशिला बसवण्यात आली आणि निर्वासितांच्या या वस्तीला 'उल्हासनगर' असे आनंदाचे नाव मिळाले. छावण्यांची एक ते पाच ही क्रमांकवारी मात्र आजही आपल्या पत्त्यांत कायम आहे. कॅम्प दोन, कॅम्प चार असे म्हणताना आपण नकळत तो सारा इतिहासच उच्चारत असतो.

या इतिहासात पुरुषांची नावे सापडतात. त्यांनी दुकाने थाटली, बाजार वसवले, कारखाने काढले, हे खरेच आहे आणि ते गौरवास्पदही आहे. परंतु बॅरॅकमधील संसार कोणी उभा केला? लांबलचक लष्करी बॅरॅकमध्ये दोन कुटुंबांच्या मध्ये गोणपाटाचा वा जुन्या साडीचा पडदा, सार्वजनिक नळावर पाण्याची रांग, सार्वजनिक शौचालये आणि रेशनवर मिळणारे धान्य, अशा स्थितीत ज्यांनी चूल पेटवली, त्यांतील कित्येक स्त्रियांनी सिंधमध्ये स्वतःच्या हवेलीचा उंबरठाही क्वचितच ओलांडला होता. ज्या घरात नोकरचाकर होते, त्या घरातील गृहिणी परक्या प्रांतात, परक्या भाषेत, हातात बादली घेऊन रांगेत उभी राहिली.

सिंधमधील हैदराबादच्या व्यापारी घराण्यांची एक रीत येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. 'सिंधवर्की' म्हणून ओळखले जाणारे हे व्यापारी रेशीम आणि कलाकुसरीच्या वस्तू घेऊन जावा, हाँगकाँग, इजिप्त, जिब्राल्टर अशा दूरदूरच्या बंदरांत पेढ्या चालवीत. घरचा पुरुष दोन-तीन वर्षांनी काही महिन्यांसाठी घरी येई आणि पुन्हा जाई. मागे राहिलेली स्त्री सासू-सासरे, मुलेबाळे, सोयरसुतक, सणवार असा सारा भार एकटीने वाहत असे. आपल्यातील मारवाड, गुजरात वा कच्छमधून आलेल्या घराण्यांना ही कहाणी परकी वाटणार नाही. पुरुष देशावर गेला आणि स्त्री मागे गावी राहिली, असे आपल्याही कित्येक आजी-पणजींच्या बाबतीत घडले आहे. पेढीच्या वहीत परदेशातील प्रत्येक थानाची नोंद असे. गावी काढलेल्या त्या वर्षांची नोंद कोणत्याही वहीत नाही.

असो. छावणीत आल्यावर हातात भांडवल नव्हते. होते ते घरचे कसब. उडदाच्या डाळीचे पीठ, भरडलेली काळी मिरी, जिरे, पापडखार आणि तेल एवढ्या साहित्यावर छावण्यांतून पापडांचा उद्योग उभा राहिला. घट्ट पीठ कुटून मऊ करावे, त्याच्या लाट्या पाडाव्यात, हात भरून येईपर्यंत लाटावे, वाळवावे, मोजून गड्ड्या बांधाव्यात, हे काम स्त्रियांनी केले; आणि पुरुष वा शाळकरी मुले लोकलगाडीने मुंबईपर्यंत जाऊन ते विकीत. लोणची, मिठाई, शिवणकाम, भरतकाम यांचीही हीच कथा. भीक मागायची नाही, हा बाणा सिंधी समाजाने जपला असे आपण आदराने सांगतो. त्या बाण्यामागे लाटण्यावर झिजलेले हात होते, हेही तितक्याच आदराने सांगितले पाहिजे.

पुढे याच समाजाच्या मुली शिकल्या. शिक्षिका, टेलिफोन ऑपरेटर, कारकून झाल्या. १९२४ साली सिंधमधील हैदराबादेत जन्मलेल्या पोपटी हिरानंदानी यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांचे वडील लवकर वारले. फाळणीनंतर त्या इकडे आल्या, मुंबईत सिंधीच्या प्राध्यापिका झाल्या आणि सिंधी समाजातील 'डेती-लेती', म्हणजेच हुंड्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी निर्भयपणे लिहिले. त्यांच्या आत्मचरित्राला १९८२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सुंदरी उत्तमचंदानी यांना १९८६ साली आणि कराचीत जन्मलेल्या कला प्रकाश यांना १९९४ साली हाच सन्मान लाभला. ज्या पिढीचे घर, गाव आणि प्रांत हिरावला गेला, त्या पिढीतील स्त्रियांनी भाषा मात्र हिरावू दिली नाही.

आता याच पापडाची दुसरी गोष्ट पाहू. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनी पापड लाटण्यास बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. त्यातून 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही संस्था उभी राहिली आणि आज तिच्या सभासद भगिनींची संख्या ४५ हजारांच्या घरात आहे. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री किताबाने गौरवण्यात आले.

पीठ तेच, लाटणे तेच, कष्टही तेच. मग छावणीतील पापड आणि गिरगावातील पापड यांत अंतर कोणते? अंतर वहीत होते. छावणीत लाटलेल्या पापडांची कमाई घरखर्चात विरून गेली. ती लाटणाऱ्या स्त्रीच्या नावे कोठेही जमा झाली नाही. गिरगावातील संस्थेत लाटणारी प्रत्येक भगिनी ही मजूर नसून भागीदार मानली गेली. तिने किती लाटले हे लिहिले गेले, लाटणावळ तिच्या हाती पडली आणि नफ्यातही तिला वाटा मिळाला. पहिल्या ठिकाणी सोशिकता होती. दुसऱ्या ठिकाणी सोशिकतेची खतावणी झाली. या एका फरकाने कुटुंबातील स्त्रीचे स्थान किती बदलते, हे व्यापारी समाजाला अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

१९७५ साली मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाचेही असेच आहे. गिरणी कामगारांची खानावळ चालवणाऱ्या बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत डबे करीत आणि किराणा मात्र सावकाराच्या जबर व्याजाने उचलीत. प्रेमाताईंनी त्यांच्यापैकी १४ जणींना प्रथम बँकेचे कर्ज मिळवून दिले. बँकेच्या वहीत नाव लागले, तेव्हा सावकाराच्या वहीतून ते सुटले. आपल्या दुकानांत ज्या गिरण्यांचे कापड विकले गेले, त्या गिरण्यांचे मागही या खानावळवालींच्या भाकरीवर चालत होते, हे विसरून चालणार नाही.

ज्या ठिकाणी ही नोंद होत नाही, तेथे काय घडते, याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. ऊसतोडीच्या धंद्यात 'कोयता' म्हणजे एक माणूस नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडीची; पण हिशेब होतो तो नवऱ्याशी. ऊस दोघांनी तोडायचा. मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवायच्या तिने. त्याआधी पहाटे उठून भाकरीही थापायची तिनेच. एका दिवसाचा खाडा झाला तर दंड बसतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक स्त्रियांनी गर्भाशय काढून टाकल्याचे समोर आले आणि सारा महाराष्ट्र हादरला. मजुरीच्या वहीत जिचे वेगळे नाव नाही, तिच्या शरीराचा तरी हिशेब कोण ठेवणार? आपल्या अंबरनाथ-बदलापूर परिसरातील वीटभट्ट्यांवरही कातकरी कुटुंबे अशीच जोडीने उचल घेऊन राबतात. पावसाळा आला की त्याच स्त्रिया रानातील शेवळे, कर्टोली, टाकळ्याची भाजी घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात आणि आपण त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो.

ही गोष्ट केवळ आपल्या देशापुरती नाही. १९४५ साली महायुद्ध संपले तेव्हा जर्मनीतील शहरे ढिगारे होऊन पडली होती. पुरुष मारले गेले होते वा कैदेत होते. स्त्रियांनी ओळी करून हातोहात विटा काढल्या, त्यांवरील चुना खरवडला आणि त्याच विटांनी पुन्हा घरे उभी राहिली. त्यांची पुढे स्मारके झाली. परंतु पश्चिम जर्मनीच्या कायद्यात मात्र घरकामाला बाध येत नसेल तरच पत्नीने नोकरी करावी, अशी तरतूद १९७७ पर्यंत टिकून होती. पुतळा आधी मिळाला आणि हक्क तीस वर्षांनी.

याउलट आफ्रिकेतील रवांडा हा चिमुकला देश पाहा. १९९४ साली तेथे भीषण नरसंहार झाला. मागे उरलेल्या लोकसंख्येत स्त्रियांचे प्रमाण पुष्कळ अधिक होते. विधवा होत्या, निराधार मुली होत्या. कायद्याने त्यांना वडिलांच्या जमिनीत हिस्सा नव्हता. १९९९ साली तेथे मुलींना वारसाहक्क देणारा कायदा झाला. २००३ च्या राज्यघटनेने निर्णय घेणाऱ्या संस्थांत स्त्रियांना किमान ३० टक्के जागा दिल्या. आणि २००८ साली स्त्री सभासदांचे बहुमत असलेली जगातील पहिली संसद रवांडात अस्तित्वात आली. त्या देशाचे सर्व प्रश्न सुटले असे मुळीच नाही. परंतु दुःख सोसणाऱ्या स्त्रीची स्तुती करून न थांबता तिचे नाव जमिनीच्या आणि राज्याच्या दप्तरात लिहिले गेले, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे कायदा मागे नाही. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैन समाजालाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयीच्या उरल्यासुरल्या शंकाही दूर केल्या. १ एप्रिल २०२१ पासून राज्य शासन स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत देते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावानंतर आईचे नाव लिहिणे शासकीय कागदपत्रांत बंधनकारक झाले आहे. कायद्याने दार उघडले. आत पाऊल टाकू द्यायचे की नाही, हे मात्र अजूनही घरातच ठरते.

आणि घरात काय घडते? वडील गेल्यावर बहिणीपुढे हक्कसोड पत्राचा कागद येतो. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. भाऊ त्या सहीला 'बहिणीचे मन मोठे' असे म्हणतो. मन मोठे आहेच. पण मोठ्या मनाची कसोटी नेहमी एकाच बाजूची का व्हावी? दुसरीकडे आयकराच्या सोयीसाठी पत्नीच्या नावे फर्म काढली जाते. ती कागदोपत्री मालक असते आणि सही कोठे करायची, एवढेच विचारते. नाव लागले, परंतु ज्ञान दिले नाही, तर ते नाव रिकाम्या खोक्यावरील लेबलासारखे असते. पतीच्या अकाली निधनानंतर येणे किती, देणे किती, विम्याचा कागद कोठे, बँकेची खाती कोणती, हे ठाऊक नसल्याने सुखवस्तू घरातील स्त्री दिराच्या वा मुनीमाच्या दारी उभी राहिल्याची उदाहरणे कोणत्याही बाजारपेठेत सापडतील. ते दुःख दैवाने दिलेले नसते. ते हिशेब लपवल्यामुळे आलेले असते.

जैन समाजाला या बाबतीत स्वतःचीच एक थोर परंपरा आहे. मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई तरुणपणीच विधवा झाल्या. त्या काळच्या रूढीप्रमाणे पित्याने कन्येला कोपऱ्यात बसवले असते, तर समाजाने त्यांना दोष दिला नसता. शेठजींनी तिला शिकवले. त्याच मगनबाईंनी पुढे मुंबईत श्राविकाश्रम चालवून कित्येक विधवा भगिनींना शिक्षण आणि स्वावलंबन दिले. एका पित्याने आपल्या मुलीच्या दुःखाचे नुसते सांत्वन न करता तिला विद्येचे भांडवल दिले आणि त्या भांडवलाचे व्याज सबंध समाजाला मिळाले.

शेतकरी समाजानेही असे एक पाऊल उचलले होते. १९८६ साली चांदवड येथे शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले आणि त्यानंतर शरद जोशी यांच्या आवाहनावरून 'लक्ष्मीमुक्ती'ची चळवळ सुरू झाली. पुष्कळ शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही हिस्सा स्वखुशीने पत्नीच्या नावे केला. त्यांच्याकडे एकर होते, आपल्याकडे गाळे आणि सदनिका आहेत, फरक एवढाच. दिवाळीत वहीच्या पहिल्या पानावर आपण लक्ष्मीचे नाव लिहितो आणि पूजन करतो. घरच्या लक्ष्मीचे नाव त्याच वहीत कोणत्या पानावर आहे, हे एकदा उघडून पाहण्यास काय हरकत आहे?

उल्हासनगरचा कापडबाजार आणि तयार कपड्यांचा धंदा आज दूरवर माल पाठवतो. त्या मालाचे धागे तोडणारे, बटणे लावणारे, घड्या घालणारे हात पुष्कळदा घरी बसून नगावर काम करणाऱ्या स्त्रियांचे असतात. त्यांचा दर ठरवताना आणि वेळेवर चुकता करताना हा सर्व विचार मनात असावा. घर घेताना पत्नीचे नाव बरोबरीने लावावे. फर्मचा ताळेबंद तिला वर्षातून एकदा तरी समजावून सांगावा. हक्कसोड पत्र पुढे ठेवण्यापूर्वी बहिणीला तिचा वाटा किती आहे, हे आकड्यांत सांगावे आणि मग निर्णय तिच्यावर सोडावा. यांतील कोणत्याही गोष्टीला सभा, ठराव वा देणगीची गरज नाही.

भगिनींनाही एक विनंती आहे. सोसणे हा गुण आहे, परंतु न विचारणे हा गुण नव्हे. छावणीतील त्या मातांना विचारण्याची सवड नव्हती; मुलांच्या तोंडी घास घालणे हेच त्यांचे त्या वेळचे कर्तव्य होते. तुम्हाला ती सवड त्यांच्याच कष्टांमुळे मिळाली आहे.

कॅम्पाच्या जुन्या बॅरॅकी बहुतेक पाडल्या गेल्या. त्यांच्या जागी इमारती आल्या. तेथे पापड लाटलेल्या हातांपैकी फार थोडे आज आपल्यात आहेत. त्यांचे देणे त्यांना फेडणे आता शक्य नाही. परंतु व्यापारात एक नियम आहे. धनको हयात नसला तरी देणे त्याच्या वारसांना फेडावे लागते. त्या मातांच्या वारस आपल्याच घरात लेक, सून, बहीण आणि पत्नी या रूपांनी वावरत आहेत. खतावणीत त्यांचे खाते उघडू या.